खरं बोलणारा आणि टिकणारा: बंद कपांचा हेडफोन कसा निवडावा

काही वर्षांपूर्वी एका मुलाखतीचं रेकॉर्डिंग मी रात्री उशिरापर्यंत बसून साफ केलं. हेडफोनवर बोलणाऱ्याचा आवाज भरदार लागत होता. जरा जास्तच घुमतोय असं वाटलं म्हणून मी खालचे सूर थोडे कापले, मग आणखी थोडे कापले. सकाळी तेच रेकॉर्डिंग साध्या स्पीकरवर लावलं, तर आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा पातळ. ते घुमणं त्या माणसाच्या आवाजात नव्हतंच. ते हेडफोनमध्ये होतं, आणि हेडफोनचा दोष मी रेकॉर्डिंगमधून कापून काढला होता.

तराजूचा काटा आधीच एका बाजूला झुकलेला असेल तर कितीही काळजीने तोला, माप चुकणारच. हेडफोनवर कुणी नुसतं मन रमवायला गाणी ऐकत असेल तर काटा थोडा झुकलेला चालतो. कित्येकांना तो झुकावच आवडतो. पण आवाज तपासायचा असेल, ध्वनिमुद्रण करायचं असेल, किंवा गाणं जसं मुद्रित झालं तसंच ऐकायचं असेल, तर तटस्थ हेडफोन लागतो. आणि तो आज तटस्थ असून पुरत नाही, तीन-चार वर्षांनीही तसाच राहायला हवा. म्हणून तटस्थ आवाज आणि मजबूत बांधणी या दोन गोष्टींचा मी वेगवेगळा विचार करत नाही. का, ते पुढे येईलच.

बंद पाठ कशासाठी

हेडफोनच्या प्रत्येक कपात एक छोटा स्पीकर असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. त्याचा पातळ पडदा पुढे-मागे हलतो. पुढे ढकललेली हवा कानाकडे जाते, हे सगळ्यांच्या ध्यानात येतं. पण पडदा मागच्या हवेलाही तितकंच ढकलतो. या मागच्या आवाजाचं काय करायचं, यावरून हेडफोनच्या दोन जाती पडतात. ओपन-बॅक हेडफोनला मागे जाळी असते आणि तो आवाज बाहेर निघून जातो. क्लोज्ड-बॅकमध्ये कप मागून बंद असतो आणि आवाज आतच राहतो. १९६८ साली सेनहायझरने एचडी ४१४ हा उघड्या पाठीचा हेडफोन आणला; त्याआधी बंद कप हीच रीत होती.

बंद कपाचा फायदा दोन्ही बाजूंनी मिळतो. बाहेरचा गोंगाट आत कमी येतो आणि आतला आवाज बाहेर कमी झिरपतो. गायक मायक्रोफोनसमोर उभा आहे आणि त्याच्या कानात ठेका वाजतोय अशी कल्पना करा. उघड्या पाठीच्या हेडफोनमधून तो ठेका थेट मायक्रोफोनमध्ये शिरतो, आणि एकदा का गाण्याच्या हळव्या जागेत तो मिसळला की बाहेर काढता येत नाही. रेकॉर्डिंगला बंद कप घेतात ते यासाठी.

मात्र हा अडसर सगळ्या सुरांना सारखा लागू होत नाही. किणकिण, बोलणं, कीबोर्डची टकटक हे वरचे आणि मधले आवाज कप आणि त्याच्या कडेची मऊ गादी, म्हणजे पॅड, बऱ्यापैकी अडवतात. बसच्या इंजिनाची घरघर किंवा जड पंख्याची घुमघुम जवळजवळ तशीच आत येते. खोक्यावर ‘३० डेसिबलपर्यंत आवाज अडवतो’ (डेसिबल म्हणजे आवाजाच्या जोराचं माप) असं लिहिलेलं असलं तर त्यातला ‘पर्यंत’ हा शब्द नीट वाचायचा. तो आकडा सहसा वरच्या सुरांचा असतो.

शांत खोलीत एकटेच ऐकणार असाल, मायक्रोफोनचा संबंध नसेल आणि शेजारी कुणाला त्रास होणार नसेल, तर ओपन-बॅक घ्या. तटस्थ आवाज देणं त्यांना सोपं जातं आणि कानही कमी तापतात. बंद कप हा गरजेपोटी केलेला सौदा आहे.

सौद्यात गमवावं काय लागतं, तेही बघू. मागे अडकलेला आवाज कपाच्या भिंतीवर आपटून परत येतो, आणि पडदा इतका पातळ असतो की तो आवाज त्यातून पुन्हा कानाकडे येतो, क्षणाच्या अगदी छोट्या अंशाने उशिरा. काही सुरांवर तो मूळ आवाजात भर घालतो, काहींवर वजाबाकी करतो. कप साधारण ३ सेंटिमीटर खोल असेल तर समोरासमोरच्या भिंतींमध्ये पावणेसहा हजार हर्ट्झच्या (सेकंदाला तितक्या कंपनांच्या) आसपास आवाज घुमायला लागतो. ‘स’ आणि ‘श’ची धार तिथेच असते. म्हणून चांगल्या कपात आत फेल्ट, फोम किंवा लोकरीसारखं काहीतरी भरलेलं असतं आणि आतला आकार मुद्दाम वेडावाकडा ठेवतात. शिवाय बंद हवा स्प्रिंगसारखी वागते आणि पडद्याला मागून रेटते, त्याने खर्जाचा तोल बदलतो. हा रेटा आवरण्यासाठी पुष्कळ ‘बंद’ हेडफोनांनाही कुठेतरी बारीक, मोजून पाडलेलं छिद्र असतं. ते सापडलं तर बोट लावून आवाज कसा बदलतो ते बघा, पण बुजवू नका.

तटस्थ म्हणजे सपाट नव्हे

पुष्कळांची गल्लत होते ती इथेच, म्हणून जरा थांबतो.

स्पीकरच्या बाबतीत तटस्थ म्हणजे सपाट हे बरोबर आहे. सगळे सूर सारख्याच जोराने दिले की झालं. मग हेडफोनचा आलेखही, म्हणजे कोणता सूर किती जोराने येतो त्याचं चित्रही, सरळ आडवी रेघ असायला हवा, नाही का? तसा हेडफोन कुणी बनवला, तर तो कानाला कोंदट लागेल, जणू बोलणाऱ्याने तोंडावर उशी धरली आहे.

कारण आपला कान स्वतःच आवाज बदलतो. स्पीकरचा आवाज आपल्यापर्यंत येताना खांदे, डोकं आणि कानाच्या पाळीच्या वळणांवर आपटून येतो, आणि मग कानाच्या नळीत शिरतो. ही नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब, एका टोकाला उघडी आणि दुसऱ्या टोकाला पडद्याने बंद. अशी नळी तिच्या लांबीच्या चौपट तरंगलांबीच्या सुरावर घुमते, म्हणजे ३,००० हर्ट्झच्या थोडं इकडे-तिकडे. या सगळ्याचा मिळून परिणाम असा की सपाट स्पीकरचा आवाजही कानाच्या पडद्यापाशी पोचेपर्यंत ३,००० हर्ट्झच्या पट्ट्यात दहा-बारा डेसिबलने किंवा त्याहूनही जास्त वाढलेला असतो. जन्मापासून आपण असंच ऐकत आलो आहोत. मेंदूच्या लेखी हाच ‘सपाट’ आवाज.

हेडफोन मात्र कानाला चिकटून बसतो. खांदे आणि डोकं यांचा वाटा तो गाळतो, पाळीचा वाटा बदलतो. तेव्हा जे गळालं ते त्याने स्वतः भरून द्यायला हवं. म्हणून चांगल्या तटस्थ हेडफोनच्या कच्च्या आलेखात ३,००० हर्ट्झच्या आसपास मोठा उंचवटा दिसतो. तो दोष नाही, ते काम आहे.

नेमकं किती भरून द्यायचं यावर अनेक वर्षं मतभेद होते. २०१२ च्या सुमारास हारमन कंपनीतल्या शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी प्रश्न वेगळ्या बाजूने धरला: चांगल्या खोलीत चांगले स्पीकर जसे ऐकू येतात तसा हेडफोन असेल तर लोकांना तो आवडतो का? चाचणी आंधळी असायला हवी होती. पण हेडफोन डोक्यावर चढवला की वजनावरून आणि स्पर्शावरून माणूस तो ओळखतो. त्यांनी एकच हेडफोन ठेवला आणि इक्वलायझरने (हवे ते सूर कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) त्याला वेगवेगळ्या हेडफोनांचे आवाज दिले. ऐकणाऱ्याच्या डोक्यावर सतत तीच वस्तू, आवाज तेवढा बदलता. यातून जो आलेख तयार झाला त्याला हारमन टार्गेट म्हणतात. त्यात ३,००० हर्ट्झचा तो उंचवटा आहेच, शिवाय साधारण १०० हर्ट्झच्या खाली बास, म्हणजे खालचे सूर, काही डेसिबलने उचललेला आहे, कारण खोलीतल्या भिंती स्पीकरचा खर्ज तसाच उचलतात.

हा आलेख म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. काहींना बास थोडा कमी लागतो, काहींना जास्त, आणि वयाप्रमाणे व सवयीप्रमाणेही फरक पडतो. तरी सुरुवात करायला याहून चांगली खूण सध्या माझ्या माहितीत नाही. हेडफोन या रेषेच्या दोन-तीन डेसिबल आत-बाहेर राहत असेल तर तो व्यवहारात तटस्थ म्हणावा.

महाग हेडफोन जास्त तटस्थ असतो हा समजही सोडून द्यायला हवा. २०१७ साली येरून ब्रेबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोनांची मापं त्यांच्या किमतींशी ताडून पाहिली, आणि आवाजाचा तोल व किंमत यांचा एकमेकांशी संबंध आढळला नाही. किंमत साहित्याला, हाताच्या कामाला, नावाला लागते. त्यातलं काही योग्यही असतं. पण आवाजाची खात्री म्हणून ती धरता येत नाही.

आलेख वाचताना

हल्ली मोजमापं सहज बघायला मिळतात. ती कृत्रिम कान बसवलेल्या यंत्रावर घेतात, आणि वेगवेगळ्या यंत्रांचे कान वेगवेगळे. तेव्हा एका यंत्रावरचा आलेख दुसऱ्या यंत्रावरच्या आलेखाशेजारी ठेवून ‘याचा ट्रेबल (वरचे सूर) जास्त’ असा निकाल देऊ नका. कच्चा आलेख आणि टार्गेट वजा केलेला आलेख यांचीही गल्लत होते. पहिल्यात उंचवटा हवा, दुसऱ्यात रेघ सरळ हवी. आणि ८,००० ते १०,००० हर्ट्झच्या वर फार खोलात शिरू नका. तिथे हेडफोन नुसता अर्धा सेंटिमीटर सरकला तरी चित्र बदलतं.

बंद कपाच्या हेडफोनमध्ये माझी नजर आधी २०० ते ३०० हर्ट्झवर जाते. इथे फुगवटा असला की पुरुषाचा आवाज छातीत अडकल्यासारखा येतो आणि सगळ्या वाद्यांवर एक पांघरूण चढतं. माझ्या त्या मुलाखतीची वाट लावली ती याच फुगवट्याने. मग ५,००० ते ९,००० चा पट्टा: इथे टोक असलं की ‘स’ टोचतो, थाळीसारखी वाद्यं कर्कश होतात, आणि सुरुवातीला ते ‘बारीकसारीक तपशील’ वाटून माणूस फसतो. अरुंद खड्डा असेल तर फार घाबरू नये, कान तो बहुधा माफ करतो. पसरट उंचवटा मात्र कान माफ करत नाही.

खोक्यावरचं ‘५ हर्ट्झ ते ३५,००० हर्ट्झ’ वाचूच नका. आपल्याला ऐकू येतं ते ढोबळमानाने २० ते २०,००० हर्ट्झ, तेही तरुणपणी. आणि त्या टोकांच्या मध्ये किती डेसिबलची चढउतार आहे हे सोबत लिहिलं नसेल तर त्या दोन आकड्यांवरून आवाजाबद्दल काहीच कळत नाही.

पंक्चर झालेला पंप

आता बंद कपांची सगळ्यात नाजूक गोष्ट. ५० हर्ट्झच्या सुराची तरंगलांबी जवळजवळ ७ मीटर असते. एवढी लाट कानाच्या कपात मावणार कशी? मावतच नाही. कपातला खर्ज लाटेने येत नाही, दाबाने येतो. पडदा आत गेला की बंद जागेतल्या हवेचा दाब वाढतो, बाहेर आला की घटतो, सायकलच्या पंपासारखं. आणि पंपाला भोक पडलं की काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पॅड आणि कातडी यांच्यात कुठेही फट राहिली की दाब निसटतो आणि पहिला फटका खर्जाला बसतो. फट मोठी असेल तर १०० हर्ट्झच्या खालचा बास दहा डेसिबलने सहज पडू शकतो.

फट पाडणाऱ्या गोष्टी रोजच्याच: चष्म्याची काडी, जाड केस, दाढीची कड, जबड्याच्या मागचा खळगा. तोच हेडफोन एकाला ‘बास अंगावर येतो’ वाटतो आणि दुसऱ्याला ‘बास नाहीच’ वाटतो, आणि दोघंही खरं बोलत असतात. हेडफोन तटस्थ आहे का, या प्रश्नाचं उत्तर म्हणूनच तुमच्या डोक्याशिवाय पुरं होत नाही.

याची तपासणी सोपी आहे. खर्ज असलेलं काहीतरी चालू ठेवा आणि दोन्ही कप तळव्यांनी हलकेच कानावर दाबा. बास किंचित वाढला तर ठीक. एकदम धो धो वाढला तर कप तुमच्या डोक्यावर नीट बसत नाहीये, आणि तुम्ही त्या हेडफोनचा खरा आवाज अजून ऐकलेलाच नाही. चष्मा असेल तर तो घालून आणि काढून, दोन्ही तऱ्हेने ऐका. चष्मेवाल्यांना मऊ आणि जाड पॅड मानवतात. काडी त्यात रुतते आणि फट बुजते. मखमली पॅड हवा थोडी जाऊ देतात, पण ज्या हेडफोनचा आवाज मुळात मखमली पॅड धरूनच जुळवलेला आहे तो चष्म्याने कमी बिघडतो.

पकडीचा दाब इथेच कामाला येतो. सैल पकडीत फट राहते, घट्ट पकडीत तासाभरात कानशिलं ठणकतात. दुकानातल्या पाच मिनिटांवर भरवसा ठेवू नका. शक्य असेल तर पाऊण तास घालून बसा.

कानाने तपासताना

ऐकून निवडताना सगळ्यात मोठा घोटाळा आवाजाच्या पातळीचा. दोन हेडफोनांपैकी जो जरासा मोठ्याने वाजतो तोच चांगला वाटतो, एखाद्या डेसिबलचा फरकही पुरतो. म्हणून आधी दोघांचा आवाज जमेल तितका सारखा करा, मगच तुलना.

ओळखीचं गाणं घ्यावं हे सगळेच सांगतात. मी त्याआधी ओळखीच्या माणसाचं बोलणं घेतो. रोज ज्याच्याशी बोलतो त्याचा आवाज कसा आहे हे कानाला इतकं पक्कं ठाऊक असतं की फसवणूक लगेच उघडी पडते. फोनवर चार वाक्यं नीट मुद्रित करून ठेवा, फार जवळून नको, हातभर अंतरावरून. बोलणारा पिंपातून बोलतोय असं वाटतं का? ‘स’ जिभेपेक्षा दातांवर जास्त वाजतो का? नाकातून बोलल्यासारखं येतं का? मग तानपुरा लावा. जवारी, म्हणजे तारेची ती झणकार, पसरट आणि सलग ऐकू यायला हवी; मधलाच एखादा स्वर उडी मारून पुढे येत असेल तर त्या ठिकाणी हेडफोन घुमतो आहे. डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेली घीस ऐका. सूर खालून वर चढताना जोर एकसारखा राहिला पाहिजे. मध्येच फुगला किंवा गळाला तर बासमध्ये डोंगर-दऱ्या आहेत.

आणखी दोन यांत्रिक चाचण्या करा. दोन्ही कानांत एकच आवाज देणारं मोनो रेकॉर्डिंग लावा. ते डोक्याच्या बरोब्बर मधोमध यायला हवं. आणि २० हर्ट्झपासून हळूहळू वर चढणारा शुद्ध सूर वाजवा; कुठे खरखर, तडतड झाली तर पडद्यावर केस किंवा कचरा अडकलेला असतो, नाहीतर काहीतरी सैल असतं.

नवा हेडफोन पन्नास तास ‘वाजवून मोकळा’ करावा लागतो असं पुष्कळ जण सांगतात. ड्रायव्हरमध्ये होणारा बदल फारच थोडा असतो. खरं मोकळे होतात ते पॅड, आणि सरावतो तो आपला मेंदू. आठवडाभरात मेंदू वाकड्या आवाजालाही सरळ मानायला लागतो, म्हणून पहिल्या दिवशी काय खटकलं ते लिहून ठेवा.

ओहमच्या, म्हणजे हेडफोन विजेला किती अडवतो त्याच्या, आकड्याबद्दल थोडक्यात. ३२ ओहम आणि २५० ओहम यांत ‘जास्त ओहम म्हणजे जास्त चांगला’ असं काही नसतं. फोनमधून १ व्होल्ट मिळतो असं धरलं तर ३२ ओहमच्या हेडफोनला सुमारे ३१ मिलिवॅट पोचतात आणि २५० ओहमच्या हेडफोनला ४. बाकी सगळं सारखं असेल तर दुसरा ९ डेसिबल हळू वाजेल. फोन-लॅपटॉपवर वापरायचा असेल तर कमी ओहमचा आणि चांगल्या सेन्सिटिव्हिटीचा (तेवढ्याच विजेवर मोठ्याने वाजणारा) घ्या. स्टुडिओतल्या इंटरफेसवर (संगणकाला माइक-हेडफोन जोडणाऱ्या पेटीवर) लावायचा असेल तर ८० किंवा २५० ओहम बिनधास्त चालतो.

कुठे मोडतो आणि कुठे बदलतो

मजबूत म्हटलं की लोक धातू शोधतात. धातूचा कप हातात छान वाटतो, पण हेडफोन कपापाशी क्वचितच मोडतो. तो मोडतो सांध्यात: हेडबँडला कप जिथे अडकवलेला असतो तो दुबेळका, लांबी कमी-जास्त करण्याची सरकपट्टी, घडी घालण्याची बिजागरी. जितके जास्त सांधे, तितक्या मोडायच्या जागा जास्त. रोज पिशवीत टाकून न्यायचा नसेल तर घडीचा हेडफोन घेऊ नका.

हेडबँडमध्ये स्प्रिंग स्टीलची पट्टी असेल तर निम्मं काम झालं. ती ताणली तरी मूळ आकारात येते, म्हणजे पकड वर्षानुवर्षं तीच राहते. नुसत्या प्लॅस्टिकची कमान हळूहळू पसरते, पकड सैल होते, पॅडखाली फट पडते आणि बास निसटतो. सुरुवातीला म्हटलं ते हेच. तुटफूट काहीच झालेली नसते, तरी हेडफोन पूर्वीचा राहिलेला नसतो, आणि बदल इतका सावकाश होतो की कानाला पत्ता लागत नाही.

पॅडचंही तेच. कृत्रिम चामड्याचे पॅड घाम, उष्णता आणि दमट हवेने कुजतात. आधी भेगा पडतात, मग काळे पापुद्रे गळ्यावर-कानावर चिकटतात. आतला फोम त्याआधीच बसलेला असतो. फोम बसला की कान ड्रायव्हरच्या जवळ येतो, कपातली हवा कमी होते, आणि आवाजाचा तोल सरकतो. पॅड हा आवाजाचाच भाग आहे. म्हणून घेण्याआधी पहिला प्रश्न: याच कंपनीचे पॅड सुटे मिळतात का आणि ते हाताने बदलता येतात का? दुसऱ्या कुणाचे ‘चालतील असे’ जाड, थंडावा देणारे पॅड लावले की हेडफोन वेगळा होतो. कधी बराही होतो, पण ज्या आलेखावर विश्वास ठेवून तुम्ही तो घेतला तो आलेख आता त्याचा राहत नाही.

केबल हा मजबुतीतला सगळ्यात कच्चा दुवा. ती सुटी होणारी असेल तर पाय अडकून ओढ बसली तरी नुसती केबल बदलून भागतं. तिचं टोक साधं ३.५ मिलिमीटरचं किंवा मिनी एक्सएलआर (स्टुडिओच्या सामानात चालणारं छोटं टोक) असेल तर उत्तम. विचित्र आकाराच्या खाचेत बसणारं, एकाच कंपनीकडे मिळणारं टोक असेल तर सुटेपणाचा निम्मा फायदा गेला. एकाच कपातून निघणारी केबल गळ्यात कमी गुंतते. पीळदार केबल टेबलावर कामाला चांगली, चालताफिरता ती मानेला ओढते.

खालून एक नजर टाका: स्क्रू दिसतात की सगळं गोंदाने चिकटवलंय? स्क्रू असेल तर दुरुस्ती होते. मग दोन्ही कप धरून हेडबँड रुंद उघडा, हलकेच पिळा. कुरकुर झाली तर ती पुढे रेकॉर्डिंगमध्येही येईल, कारण गायक मान हलवतोच.

वजनाचंही एक गणित आहे. धातूने मजबुती येते आणि वजनही येतं. तीनशे ग्रॅमच्या वर गेलं की लांब बैठकीत मान आठवण करून देते. न्यूमनच्या एनडीएच २०चं वजन ३९० ग्रॅम आहे. बांधणी भक्कम, आवाज जबाबदार, पण ते वजन आधी डोक्यावर घेऊन बघावं.

काही ओळखीची नावं

सोनीचा एमडीआर-७५०६ १९९१ पासून विकला जातोय आणि चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणापासून रेडिओ केंद्रांपर्यंत सगळीकडे दिसतो. तो तंतोतंत तटस्थ नाही, त्याचा वरचा पट्टा तिखट आहे. पण दोष पटकन दाखवतो, हलका आहे, त्याचे पॅड आणि सुटे भाग मिळतात, आणि इतकी वर्षं तो जवळपास बदललेला नसल्याने त्याचा तिखटपणा कुठे किती हे काम करणाऱ्यांना पाठ असतं. स्थिर असलेला ओळखीचा दोष हिशेबात धरता येतो.

बेयरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो बांधणीत पैकीच्या पैकी: स्प्रिंग स्टीलचा हेडबँड, मखमली पॅड, जवळजवळ प्रत्येक भाग बदलता येणारा. आवाजात मात्र बास आणि वरचा ट्रेबल दोन्ही उचललेले आहेत. रेकॉर्डिंगच्या वेळी गायकाला द्यायला अप्रतिम; तोल ठरवायला बसताना इक्वलायझरची मदत घ्यावी. सेनहायझरचा एचडी २५ कानावर बसणारा आहे, कानाभोवती नाही. १९८८ पासून चालू, केबलविना वजन अवघं १४० ग्रॅम, आणि खिळा न खिळा सुटा मिळतो. गोंगाटात उभं राहून काम करणाऱ्यांना त्याला पर्याय सापडत नाही. पण चार तास घातला तर कानाची पाळी दुखते.

ऑडिओ-टेक्निकाच्या दोन भावांत लोक एम५०एक्सकडे धावतात. तटस्थपणा हवा असेल तर मी एम४०एक्स सुचवेन. त्याच्या आवाजात मीठमसाला कमी आहे, केबल त्याचीही सुटी होते. आणि २०१९ मध्ये आलेला एकेजीचा के३७१ हारमन टार्गेटच्या फार जवळ जातो. नुसत्या आवाजावर निवडायचं तर या यादीत माझा कौल त्याला. अट एकच, पॅड तुमच्या डोक्यावर पूर्ण बसायला हवेत. चष्म्याने किंवा जबड्याच्या ठेवणीने फट राहिली तर तो आलेख कागदावरच राहतो.

इक्वलायझर वापरावा की नाही यावर वाद घालण्यात अर्थ नाही. तोल सुधारायला तो उत्तम चालतो. वाढवलेल्या पट्ट्याइतकी एकूण पातळी आधी खाली घ्या, म्हणजे आवाज फाटणार नाही. फट राहिल्याने गेलेला बास मात्र तो भरवशाने भरून देऊ शकत नाही, कारण मान वळवली की फट बदलते. मजबूत पण थोडा वाकडा हेडफोन इक्वलायझरने सरळ करता येतो. सरळ पण कच्चा हेडफोन इक्वलायझरने मजबूत होत नाही. दोन्ही एकत्र मिळत नसतील तर मी पहिला घेतो.

बंद कपांचा एक फायदा कानांच्या तब्येतीचाही आहे. बाहेरचा गोंगाट अडला की आवाज वाढवावा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ८० डेसिबल ४० तास असा आहे, आणि दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो. ९० डेसिबलला जेमतेम ४ तास उरतात. स्टुडिओत बसणाऱ्याचे ४ तास एका दुपारीच संपतात.

हेडफोन घरी आला की त्याच आठवड्यात एक काम उरकून टाका. मूळ पॅडची एक जादा जोडी घ्या आणि थंड, कोरड्या जागी ठेवा. ओळखीच्या आवाजाची ती चार वाक्यं, तानपुरा आणि चढता सूर एकाच फाइलमध्ये जोडा आणि ती फाइल जपून ठेवा. दर सहा महिन्यांनी ती फाइल त्याच पातळीवर ऐका, आधी वापरातल्या पॅडवर, मग नव्या जोडीवर. दोन्हींत फरक ऐकू आला त्या दिवशी जुने पॅड काढा आणि पुढची जोडी मागवा.